तिथं कुणी राहत नव्हतं

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक बाई वही घेऊन अखरोनी या किनाऱ्यावरच्या खेड्यात आली, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत डोलिना मकायनं तिच्याविषयी जे वाईट समजायचं ते सगळं समजून घेतलं होतं.

बाईचं नाव हॅरिएट. वय तिशीच्या आत, अंगात पिवळा रेनकोट, गळ्यात कॅमेरा, खिशात आवाज टिपायचं काड्यापेटीएवढं यंत्र. सकाळी नऊला बाहेर पडायची ती टेकड्या आणि ओढे पालथे घालत संध्याकाळपर्यंत फिरायची. पडक्या भिंती दिसल्या की टेप काढून मोजायची. माणूस दिसला की थांबून हसायची आणि विचारायची, "या खडकाला काय म्हणतात? ते घर कुणाचं होतं?" कुठल्याशा वारसा संस्थेनं तिला पाठवलं होतं म्हणे. जुनी नावं, जुनी घरं, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करून ठेवायच्या, एवढंच काम.

एवढंच काम! खडकांची नावं विचारत फिरायला कुणी कुणाला पगार देतं का? डोलिनानं एक्काहत्तर वर्षांत असा पगार देणारा पाहिला नव्हता.

आमच्या अखरोनीत वहीवाल्या माणसाला घरात घेतात, चहा देतात, घरी भाजलेल्या स्कोन-पावाला लोणी लावून देतात, पण खरं काही सांगत नाहीत. त्याला कारण आहे. दोनशे वर्षांपूर्वी असाच एक गोडबोल्या तरुण वही घेऊन आला होता. प्रत्येक घरी दूध प्यायला, माणसं किती, गुरं किती, कोण कुठं राहतं ते विचारलं, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला. लोकांनी भाबडेपणानं सगळं सांगितलं. पुढच्या वसंतात जमीनमालकाच्या इस्टेटीची माणसं तीच वही हातात धरून आली आणि वहीतल्या क्रमानं घरांची छपरं पेटवत गेली. माणसांना डोंगरातून हुसकून या खडकाळ किनाऱ्यावर आणून टाकलं आणि डोंगर मेंढ्यांना दिला. आमच्याकडे पोरांना झोपवताना ही गोष्ट सांगतात. अशी पोरं मोठी झाल्यावर चटकन कुणावर विश्वास ठेवतील का?

आणि या वर्षी डोलिनाला भिण्यासारखं खरोखरच होतं. मार्चमध्ये इस्टेटीचं पत्र आलं होतं. खाडीच्या कडेची तीन एकरांची सपाट पट्टी तुमच्या कूळजमिनीत येत नाही, ते इस्टेटीचं गायरान आहे, तिथं आम्हाला सुट्टीवर येणाऱ्यांसाठी काचेची घरं बांधायची आहेत, असं त्यात अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं. त्या पट्टीत मकायांच्या चार पिढ्यांनी समुद्राचं शेवाळ पाठीवरून वाहून टाकलं होतं, तेव्हा कुठं खडकावर माती झाली होती. कागद मात्र नव्हता. होतं ते एक पडकं घर, गुडघाभर उंचीच्या चार भिंती आणि मधोमध चुलीचा दगड. डोलिनाची आजी पेगी तिथं राहायची. एकोणीसशे सदतीस सालच्या वादळात छप्पर उडालं आणि ती वरच्या घरात राहायला आली. सप्टेंबरमध्ये इन्व्हर्नेसहून एक अधिकारी बाई येऊन सुनावणी घेणार होती. तिथं कुळाचं घर होतं हे ठरलं तर पट्टी डोलिनाची, नाहीतर इस्टेटीची.

डोलिनाला पट्टी स्वतःसाठी नको होती. तिची मुलगी इशबेल अॅबर्डीनमध्ये नर्स होती आणि नवरा, दोन मुली घेऊन गावी परत यायचं म्हणत होती. घर बांधण्याजोगी जागा तेवढी एकच. बाकी सगळा खडक आणि दलदल. "या वर्षी नाही जमलं तर आम्ही न्यूझीलंडला जाणार, आई," असं तिनं ईस्टरला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. न्यूझीलंडहून माणसं परत येत नाहीत, ख्रिसमसचे फोटो येतात.

डोलिनाचा बेत साधा होता. सुनावणीच्या दिवशी अधिकारी बाईला हाताला धरून न्यायचं आणि चुलीचा दगड दाखवायचा. तोवर दगड जागेवर राहायला हवेत, एवढीच काळजी. कारण पलीकडच्या खाडीवर दोन वर्षांपूर्वी असाच वाद निघाला होता आणि सुनावणीच्या आधी आठ दिवस इस्टेटीच्या यंत्रानं रस्ता दुरुस्तीसाठी म्हणून नेमके त्याच पडक्या घराचे दगड उचलले होते. मग विचारलं तर म्हणाले, कुठलं घर?

आणि आता ही पिवळी बाई पडकी घरं शोधत, मोजत, नकाशावर टिंबं काढत फिरत होती. डोलिनाच्या मनात शंकेची पाल नुसती चुकचुकली नाही, तिनं तिथंच बिऱ्हाड केलं.

गुरुवारी तिनं खिडकीतून पाहिलं तर बाई इस्टेटीच्या कारभाऱ्याच्या गाडीतून उतरत होती. डोलिनानं चुलीवरची किटली खाली ठेवली आणि थेट टॉरमोडला गाठलं. टॉरमोड गायरान समितीचा कारकून होता. गावात कुणाच्या किती मेंढ्या चरतात ते त्याला तोंडपाठ असायचं.

"पाहिलंस का?"

"काय?"

"वहीवाली. कारभाऱ्याच्या गाडीतून उतरली."

"पाऊस होता, डोलिना."

"पाऊस कधी नसतो इथं? मला कधी बसवलं त्यानं गाडीत?"

"तुझ्या अंगाला मेंढीच्या औषधाचा वास येतो. गाडी नवी आहे त्याची."

"हस तू. तुझं काय जातंय? उद्या यंत्र येईल आणि माझ्या आजीचं घर रस्त्यात जाईल."

टॉरमोडचं हसू मावळलं. पलीकडच्या खाडीवर त्याचा मेहुणा होता. "मग काय करायचं म्हणतेस?" त्यानं विचारलं.

"तिनं विचारलं तर सांगायचं की तिथं कधी कुणी राहत नव्हतं. मेंढवाडा होता तो. मेंढवाड्याचे दगड चोरायला कुणी यंत्र पाठवत नाही."

दोन दिवसांत डोलिना घरोघर फिरून आली. कुणाकडे अंडी घेऊन गेली, कुणाकडे विणायची लोकर मागायला. गावानं एका शब्दानं हो म्हटलं. आमचं एक आहे, एरवी कुंपणाच्या तारेवरून सहा-सहा वर्षं अबोला धरू, पण इस्टेट म्हटलं की गाव एका तोंडानं बोलतं. लांब्या विलीला तर भलताच चेव आला.

"नुसता मेंढवाडा काय सांगायचा? मी म्हणतो, मी लहानपणी बापाबरोबर तिथं लोकर कातरलीय."

"विली, तुझा बाप खलाशी होता. त्यानं मेंढी पाहिली ती ताटात."

"ते तिला कुठं ठाऊक आहे?"

अकरा घरांपैकी एकच घर डोलिनानं वगळलं. टपाल हेक्टरचं.

हेक्टरनं जन्मात एक पत्र वाटलं नव्हतं. तो रस्त्याच्या कामावर होता. पण त्याचा बाप टपालवाला होता, आणि आमच्याकडे निम्म्या गावाचं आडनाव एकच असल्यामुळे माणसाला बापाचा धंदा नावासारखा चिकटतो. हेक्टर आणि डोलिना एका बाकावर शिकले होते. अकरा वर्षांपूर्वी डोलिनाचा नवरा गेला, त्या वर्षीपासून दर मे महिन्यात हेक्टर तिची जळणाची माती कापून द्यायचा. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापायची, वाळवायची आणि वर्षभर चुलीत जाळायची, असं ते काम. प्रत्येक घराचा चर ठरलेला. दुसऱ्याच्या चरावर माणूस उतरतो तो नातलग म्हणून किंवा नातलगाइतका जवळचा म्हणून. त्याबद्दल हेक्टर कधी काही बोलला नाही आणि डोलिनानं कधी आभार मानले नाहीत. आभार मानायला ती काय परकी होती?

पण बाई उतरली होती ती हेक्टरच्याच अंगणातल्या कॅरव्हॅनमध्ये. अकरा घरांतून नेमकं हेक्टरचंच अंगण तिला कसं सापडलं? संध्याकाळी ती त्याच्या आणि त्याच्या बहिणीच्या, बेलाच्या, टेबलाशी जेवायला असायची. डोलिनानं जाता जाता हेक्टरचं हसणं ऐकलं होतं. इतकं हसण्यासारखं काय असतं खडकांच्या नावांत? नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं. नवा बोटीचा पंप त्यानं एप्रिलमध्ये घेतला होता, तेही तिला आता आठवलं. एकदा संशय घ्यायचा ठरवलं की पुरावे आपल्या पायांनी चालत येतात.

पुढच्या शनिवारी हेक्टर खांद्यावर माती कापायचं हत्यार टाकून तिच्या दारात उभा राहिला.

"सोमवारपासून हवा उघडतेय म्हणे," तो म्हणाला. "वरचं गवत काढून घेतो. मंगळवारी कापायला लागू."

"यंदा नको."

"नको म्हणजे?"

"कोळसा मागवलाय मी."

"कोळशाच्या धुरानं तुला खोकला येतो."

"येऊ दे."

"डोलिना, काही झालंय का? झालं असेल तर तोंडानं सांग."

"काय व्हायचंय? तुझ्याकडे पाहुणी आहे, तिला दाखव माती कशी कापतात ते. लिहून घेईल वहीत."

हेक्टरनं हत्यार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "बरं," एवढंच म्हणाला आणि वळला. चढावर तो एकदा थांबला. डोलिनाला वाटलं, आता वळून काहीतरी बोलेल आणि सापडेल. पण तो दम खायला थांबला होता.

दार लावल्यावर तो चढापलीकडे जाईपर्यंत ती खिडकीत उभी राहिली. मग तिनं स्वतःला बजावलं की चोर दारातून गेला म्हणून कुणी हळहळत नाही.

बुधवारी हॅरिएट तिच्याकडे आली. डोलिनानं तिला चहा दिला, स्कोन दिले, लोणी दिलं आणि मग म्हणाली, "चल पोरी, तुला खाडीकाठ दाखवते." चोराला तिजोरीजवळ नेऊन रिकामी आहे म्हणून दाखवावं, असा तिचा हिशेब होता.

पडक्या भिंतींजवळ येताच हॅरिएटचे डोळे चमकले. तिनं वाकून चुलीच्या दगडावरचं गवत बाजूला केलं. "मिसेस मकाय, हे घर होतं ना?"

"घर? छे गं."

"पण ही चूल वाटते. दगड काळा पडलाय."

"मेंढ्यांच्या कानावर, शिंगांवर डाग द्यायला जाळ लागतो. मेंढवाडा होता हा."

"कुणाच्या आठवणीत इथं कुणी राहत होतं का?"

"तुझं ते यंत्र चालू आहे का?" डोलिनानं विचारलं.

"तुमची हरकत नसेल तर चालू करते."

"कर, कर. नीट तोंडाजवळ धर." आणि यंत्राकडे पाहून डोलिना खणखणीत आवाजात म्हणाली, "मी डोलिना मकाय, अखरोनीची. इथं कधीच कुणी राहत नव्हतं. हा मेंढवाडा होता. माझ्या आईनंही मला तेच सांगितलं."

बोलताना तिचा पाय आजीच्या उंबऱ्यावर होता. ते तिला कळलं आणि तिनं पाय मागे घेतला. पण मनातून ती खूष होती. आता जा म्हणावं, वाजव कारभाऱ्यापुढे.

जूनमध्ये हॅरिएट गेली. महिनाअखेरीस प्रत्येक घरी तिचं एकेक जाड पाकीट आलं. डोलिनाचं पाकीट तिनं फोडलंही नाही. अशा पाकिटात सही करायचा कागद असतो, हे तिला ठाऊक होतं. कोळसा पेटायला कागद लागतोच. खोकला मात्र हेक्टर म्हणाला होता तसा आला.

जुलैच्या मध्यात हेक्टर गेला. बोट ओढून वर घेत होता, तिथंच वाळूवर बसला आणि उठला नाही. आमच्याकडे माणूस गेला की शेजारच्या बाया त्या घरात जातात. पुरुष शवपेटीबरोबर कब्रस्तानात जातात आणि बाया मागं थांबून पाव कापतात, चहा करतात, घर भरलेलं ठेवतात. डोलिना चर्चमध्ये गेली, मागच्या बाकावर बसली. हॅरिएट दक्षिणेतून एवढ्या लांब आली होती आणि बेलाशेजारी बसून डोळे पुसत होती. कारभाऱ्यानं येऊन बेलाचा हात हातात घेतला. बघा, डोलिनानं मनाशी म्हटलं, सगळे एका बाकावर. प्रार्थना संपली आणि ती बेलाच्या घराकडे न वळता सरळ आपल्या घरी गेली. गावानं ते पाहिलं. कुणी बोललं नाही, पण आमच्याकडे न बोललेलंच जास्त काळ टिकतं.

घरी येऊन तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. साठ वर्षांपासूनचा स्नेही गेला होता आणि तिला धड रडताही येत नव्हतं, कारण रडायचं तर आधी त्याला निर्दोष ठरवायला हवं होतं.

सप्टेंबरच्या सुनावणीला सगळं गाव हॉलमध्ये जमलं. इशबेल अॅबर्डीनहून आली होती. अधिकारी बाई चष्मा लावलेली, थोडकं बोलणारी होती. डोलिनानं आजीचं घर, वादळ, छप्पर, सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं. इशबेलनं तिचा हात दाबला.

मग इस्टेटीचा वकील उठला. तो फार नम्र होता.

"मिसेस मकाय, वारसा संस्थेच्या संग्रहात काही आवाज आहेत. तो संग्रह सगळ्यांना खुला आहे, कुणीही ऐकू शकतं. मी इथं ऐकवू का?" त्यानं दाराजवळच्या खुर्चीकडे हात केला. तिथं हॅरिएट बसली होती, या वेळी रेनकोटाशिवाय. "हे आवाज अस्सल आहेत असं सांगायला मी या बाईंना बोलावलंय."

अधिकारी बाईनं मान डोलावली. आणि हॉलमध्ये डोलिनाचाच आवाज घुमला. "मी डोलिना मकाय, अखरोनीची. इथं कधीच कुणी राहत नव्हतं."

"आई," इशबेल कुजबुजली, "हे काय आहे?"

वकिलानं एकामागून एक सात आवाज लावले. टॉरमोडचा आवाज म्हणाला, मेंढवाडा. टॉरमोडच्या बायकोचा म्हणाला, मेंढवाडा. लांब्या विलीनं तर बापाबरोबर लोकर कशी कातरली, मेंढी कशी उधळली, बाप कसा चिखलात पडला ते चार मिनिटं रंगवून सांगितलं होतं. खुर्चीतला खराखुरा विली आपल्या बुटांकडे बघत होता. गावातला एक माणूस फुटला नव्हता. ज्यानं त्यानं दिलेला शब्द पाळला होता, आणि त्या शब्दांचीच दोरी आता डोलिनाच्या गळ्याला लागली होती.

"सात माणसं," वकील म्हणाला, "आणि सगळ्यांचं म्हणणं एक."

"आठ," दारातून आवाज आला.

हॅरिएट उभी राहिली होती. तिचा चेहरा लाल झाला होता. "आठ माणसं आहेत. तुम्ही सातच वाजवलीत. मी प्रत्येकाला त्याच्या बोलण्याची प्रत पाठवली होती, काही चुकलं असेल तर दुरुस्त करा म्हणून लिहिलं होतं. एकाचंही उत्तर आलं नाही." बोलताना तिनं डोलिनाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, नुसतं न समजणं होतं. डोलिनाला ते सोसवेना.

"आठवा कोण?" अधिकारी बाईनं विचारलं.

"हेक्टर मकाय. टपाल हेक्टर म्हणायचे त्यांना."

दुसऱ्या रांगेत बेलानं मान खाली घातली. वकील काही बोलायला लागला, पण अधिकारी बाईनं हात वर केला. हॅरिएटनं यंत्र टेबलावर ठेवलं.

आधी किटलीचा आवाज आला. मग हेक्टर खाकरला. मेलेला माणूस खाकरला की अंगावर कसा काटा येतो, ते त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्यांना विचारा.

"ते पेगीचं घर," हेक्टर म्हणत होता. "माझा बाप चौदा वर्षांचा होता तेव्हा तारा पोचवायचा. एकोणीसशे सतरा साली पेगीचा थोरला मुलगा युद्धात मारला गेला, ती तार बापानं त्या दारात नेली. पेगी भाकरी भाजत होती. तिनं तार हातात घेतली नाही. म्हणाली, त्या वाडग्याखाली ठेव. मग सगळ्या भाकऱ्या भाजून झाल्यावर ती खाली बसली. बाप तोवर दारातच उभा होता. म्हणायचा, मला जा असं कुणी सांगितलंच नाही. आता बघ, मी सांगतो ते ऐकीव. घर डोलिनाच्या आजीचं आहे. तिलाच विचार. खरं काय ते डोलिना सांगेल."

यंत्र थांबलं. पेगीच्या भाकऱ्यांची गोष्ट डोलिनानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकली होती. तिच्या आईनंही ती कधी सांगितली नव्हती.

अधिकारी बाईनं चष्मा काढला. "मिसेस मकाय, हे गृहस्थ तुम्हाला विचारा म्हणतायत. मी विचारते. आज तुम्ही एक सांगितलंत, मे महिन्यात दुसरं. खोटं कधी बोललात?"

डोलिना उभी राहिली. खोटी साक्ष देणारी म्हणून गावात, चर्चमध्ये, मुलीपुढे आपलं नाव होणार, हे तिला दिसत होतं. शपथेवर कोण कशाला आपणहून खोटारडी म्हणवून घेईल? पण गप्प बसलं तर हेक्टर खोटा ठरत होता, आणि त्याला आणखी एकदा खोटं ठरवायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"मे महिन्यात," ती म्हणाली. "ते माझ्या आजीचं घर. मी खोटं बोलले, आणि या सगळ्यांना मीच खोटं बोलायला लावलं. त्यांचा दोष नाही."

"का?"

"तिच्या हातात वही होती म्हणून."

अधिकारी बाईला ते कळलं नसावं. पण हॉलमधल्या एकाही माणसाला त्यात विचारण्याजोगं काही वाटलं नाही. मागून खुर्ची सरकली. लांब्या विली उभा राहिला होता.

"माझा बाप खलाशी होता," तो म्हणाला. "मी जन्मात मेंढी कातरलेली नाही, बाईसाहेब."

कुणीतरी हसलं. मग टॉरमोड उठला, मग त्याची बायको, आणि एकेक करून उरलेले सगळे. दुपारी अधिकारी बाई स्वतः खाडीवर गेली, चुलीचा दगड पाहिला, आतल्या भिंतीतला कपाटाचा कोनाडा पाहिला, आणि मेंढ्यांना कपाट कशाला लागतं असं तिनं वकिलाला विचारलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पट्टी मकायांच्या कूळजमिनीचीच ठरली होती. इशबेल फोनवर रडली, हसली, पुन्हा रडली. डोलिनानं फोन ठेवला, कोट चढवला आणि जुलैपासून ज्या दारात गेली नव्हती त्या दारात जाऊन उभी राहिली.

बेलानं दार उघडलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही, आत वळली. डोलिना तिच्यामागून गेली. टेबलावर दोन कप आले.

"पट्टी मिळाली," डोलिना म्हणाली.

"ऐकलं."

"बेला, मी हेक्टरला..."

"त्याला ठाऊक होतं."

"काय?"

"सगळ्या गावाला सांगितलंस आणि त्याला वगळलंस, ते. विलीच्या पोटात काय राहतंय का? दुसऱ्याच दिवशी येऊन ओकून गेला."

"म्हणजे माती कापायला आला तेव्हा..."

"तेव्हा ठाऊक होतं त्याला. म्हणाला, जाऊन तर बघतो, तोंडावर बोलते का. तू कोळशाचं सांगितलंस." बेला खिडकीबाहेर बघत बोलत होती. "घरी आला, हत्यार भिंतीला टेकवलं आणि या खुर्चीत बसला. म्हणाला, 'बेला, तिनं अख्ख्या गावाला शब्दात बांधून ठेवलंय, मलाच तेवढं बांधलं नाही. म्हणजे खरं बोलायला गावात मीच एकटा मोकळा.' मग हॅरिएटला हाक मारली. ते यंत्र घेऊन ये म्हणाला."

"रागावला होता?"

"रागावला होता तर. मरेपर्यंत रागावलेला होता. तुझं नाव निघालं की उठून बोटीकडे जायचा."

डोलिनानं कप खाली ठेवला आणि ती रडू लागली, मोठ्यानं, जुलैमध्ये रडायला हवं होतं तसं. बेलानं तिला रडू दिलं. जवळ मात्र आली नाही.